या आठवड्यात काय केले?

तीस वर्षं मी मोठ्या माणसांना शिकवलं. त्यांतली सुरुवातीची सात-आठ वर्षं मी नक्की काय शिकवत होते, हे मला आजही नीट सांगता येत नाही. या नाताळ अंकासाठी संपादक म्हणाले, ‘तुमच्या कामातले अनुभव लिहा.’ अनुभव पुष्कळ आहेत, पण लिहायला बसलं की सारखा एकच माणूस समोर येतो आणि त्याच्यापुढे माझी बाजू काही मांडता येत नाही. तेव्हा त्याच्याबद्दलच लिहिते.

सत्तरच्या दशकातली गोष्ट. हिंगोली तेव्हा परभणी जिल्ह्यातच होती. आमच्या मिशनने एक नवी योजना काढली होती. खेड्यांतल्या ख्रिस्ती मंडळींकडे पाळकसाहेब महिन्यातून एकदा यायचे. उरलेल्या रविवारी गावातलाच कोणीतरी उभा राहून शास्त्र वाचायचा, प्रार्थना घ्यायचा. तो गवंडी असायचा, सालदार असायचा, नाहीतर बाजारात बांगड्या विकणारा. त्याला घरदार सोडून शहरात शिकायला या म्हणणं शक्य नव्हतं. म्हणून शाळाच त्याच्या दारात न्यायची असं ठरलं. ती शाळा म्हणजे मी, माझी कापडी पिशवी आणि एसटीचा पास. मंगळवारी कळमनुरी, गुरुवारी शिरड शहापूर, शनिवारी सेनगाव. तेव्हा मी सव्वीस वर्षांची होते, आणि बापाच्या वयाची माणसं मला ‘बाई’ म्हणत पुढ्यात मांडी घालून बसायची.

आमचं पुस्तक वेगळ्याच तऱ्हेचं होतं. चार ओळींचा मजकूर, त्याखाली एक प्रश्न, प्रश्नाखाली रिकामी जागा आणि तिच्याखाली लगेच छापलेलं उत्तर. ते उत्तर दिसू नये म्हणून वर पुठ्ठ्याची पट्टी धरायची. आपलं उत्तर लिहायचं, मग पट्टी खाली सरकवून ताडून पाहायचं. घरी रोज एक पान, आठवड्याला एक धडा. पट्टी आधीच सरकवून बघितली तर कोणाला कळणार नाही, हे काढणाऱ्यांना सुचलं नसावं. विद्यार्थ्यांना पहिल्याच दिवशी सुचलं होतं.

प्रत्येक धड्याच्या शेवटी एक रकाना असे : ‘या आठवड्यात काय केले?’ धड्यात जे शिकलो ते घरात, कामावर, शेजारात कसं वापरलं, ते एका ओळीत लिहायचं. प्रशिक्षणाच्या वेळी आम्हाला बजावून सांगितलं होतं की सगळी योजना याच रकान्यासाठी आहे. शिकणं वर्गात संपत नाही, जगण्यात मुरलं पाहिजे. या रकान्याचे गुण मी द्यायचे आणि दर महिन्याला सही करून कार्यालयाकडे पाठवायचे. वर्षअखेरीच्या लेखी परीक्षेत ते मिळवले जात.

शिरड शहापूरच्या वर्गात सहा जण होते. त्यातला सगळ्यात थोराड योना गवंडी. सगळे त्याला योनामामा म्हणत, मीही म्हणू लागले. चुन्याने आणि सिमेंटने बोटांची टोकं भेगाळलेली, त्यामुळे पेन्सिल धरली की ती मुठीत मावून जायची. गेली अठरा-एकोणीस वर्षं गावातली उपासना तोच चालवत होता. चौथी शिकलेला. वर्गात बोलायला लागला की मी ऐकत राहायची, पण लिहायला बसला की सगळं अडायचं. पट्टीखाली तो कधी बघत नसे. लिहिलेलं चुकलं तर खोडून बरोबर लिहायचं, असा नियम होता. योनामामा तेही करत नसे.

“मामा, चूक सुधारायची असते,” मी म्हणायची.

“सुधारली तर माझं काय चुकलं ते मला कसं दिसंल, बाई?”

मी पुढचं पुस्तक ओढायची.

पण खरा घोळ शेवटच्या रकान्यात होता. ‘शेजाऱ्यावर प्रीती’ या धड्याखाली दानिएलने लिहिलं होतं, ‘मी शेजाऱ्यावर प्रीती केली.’ दानिएल म्हणजे वर्गातला सगळ्यात हुशार, सातवी पास, पंचायतीत शिपाई. त्याला मी पूर्ण गुण दिले. योनामामाने त्याच धड्याखाली लिहिलं होतं, ‘शेळी बांधली.’ मी दोनदा वाचलं. मग लाल पेनने शून्य काढलं आणि शेजारी लिहिलं, ‘धड्याशी संबंध नाही.’

पुढच्या महिन्यात ‘सत्य’ हा धडा होता. योनामामाचं उत्तर, ‘भिंत पाडली.’ शून्य. ‘विसावा’ या धड्याला, ‘बायकोला बसवलं.’ शून्य. एकदा तर ‘गुरुवारी इहिरीवर गेलो न्हाई’ एवढंच. मला वाटलं, म्हाताऱ्याला प्रश्नच समजत नाही. दिवसभरात जे घडलं ते लिहून टाकतो. विचारलं असतं तर सांगितलं असतं त्याने. मी विचारलं नाही. सहा पुस्तकं तपासायची आणि परतीची गाडी गाठायची, एवढंच माझ्या डोक्यात असे.

दानिएल दर वर्षी पास होत होता, योनामामा दोनदा नापास झाला. दुसऱ्या खेपेला कार्यालयाचं पत्रक आलं : यापुढे जो पास होईल त्यानेच उपासना चालवावी, जुन्या मंडळींना आणखी एक संधी मिळेल. मी ते वर्गात वाचून दाखवलं. दानिएल खाली बघत बसला. योनामामा म्हणाला, “बराबर हाय. शिकल्याबिगर सांगू नये,” आणि पुस्तक उघडलं.

त्यानंतरच्या एका गुरुवारी मी शिरड शहापूरला पोचले तर वर्गात कोणी नव्हतं. गावात कोणाची तरी मयत होती. परतीच्या गाडीला तीन तास होते. पाणी प्यावं म्हणून योनामामाच्या घरी गेले. तो मयतीला गेलेला. त्याची बायको शांतामामी ओट्यावर तूर पाखडत होती. मला बघून तिने सूप खाली ठेवलं, पाणी आणून दिलं.

“सलाम, बाई. आल्या ते बरं झालं. तुमालाच इचारायचं होतं. तुमी आमच्या माणसाला काय शिकवून राहिल्या?”

“का? काय झालं?”

“काय झालं? तुमचा धडा झाला की माझ्या घरात काही ना काही होतंच. त्या बापूरावाच्या गोठ्याची भिंत. बांधून झाली, गिलावा झाला, मजुरी हातात आली. अन् एका सकाळी उठून म्हणे, भिंतीला पोट आलंय, गिलाव्यात झाकलंय, मला झोप न्हाई. गेला अन् पाडली! बापूराव म्हणून राहिला की असू दे, जनावराला काय कळतंय. ऐकलं न्हाई. तीन दिवस फुकट बांधत बसला.”

मी हातातलं फुलपात्र तसंच धरून बसले.

“अन् शेळी?” मी हळूच विचारलं.

“शेळी! सात वर्षं आमची शेळी किसनच्या परसात जाऊन वांगी खाती. सात वर्षं हा म्हणतोय, कुंपण त्यानं घालावं. अन् एका दिवशी दावं आणून बांधली की हो. आता तिला चारा मी आणू?” ती रागाने बोलत होती, पण मध्येच तिच्या ओठांचा कोपरा हलला. “अन् एकदा रविवारी मला म्हणे, तू बस. हलायचं न्हाई. भाकरी मी करतो. चार भाकरी कोळसा केल्या. मी बसले. लग्न झाल्यापासून चूल पेटलेली असताना मी पहिल्यांदा बसले, बाई.”

“आणि विहिरीचं? गुरुवारी विहिरीवर गेले नाहीत, ते?”

तिने सूप पुन्हा हातात घेतलं. “ते मला बी ठाऊक न्हाई. इचारू नका,” म्हणाली.

परतीच्या गाडीत मी त्याचं पुस्तक आठवून आठवून मनात चाळत होते. मी दिलेली शून्यं एकेक करून डोळ्यापुढे येत होती. शेजारी, सत्य, विसावा. जे छापलेल्या ओळीसारखं दिसलं त्याला मी गुण दिले आणि जे खरोखर केलेलं होतं ते खोडलं. ज्या रकान्यासाठी सगळी योजना होती, तोच मला वाचता येत नव्हता.

मग मी काय करायला हवं होतं ते सरळ होतं. कार्यालयाला लिहायचं की माझं गुणपत्रक चुकलं, नव्याने देते. पण महिन्यामागून महिने माझ्या सहीने ती शून्यं गेलेली होती. नोकरी अजून कायम झाली नव्हती. वर संचालकसाहेब म्हणतील, बाईला साधं तपासताही येत नाही. मी उद्या लिहू, उद्या लिहू करत राहिले आणि परीक्षा येऊन ठेपली.

पेपर माझ्यासमोर लिहिले जायचे आणि मी ते पाकिटात घालून पाठवायची. त्या दिवशी योनामामाने माझाच पेन मागून घेतला होता. सगळे गेल्यावर मी त्याच्या पेपराचे गुण मोजून पाहिले. चार गुणांनी राहत होता. दोन रिकाम्या जागा कोऱ्या सोडल्या होत्या, दोन-दोन गुणांच्या. मी पेनचं टोपण काढलं. डाव्या हाताने, वेडंवाकडं, एका जागी ‘प्रायश्चित्त’ लिहिलं आणि दुसऱ्या जागी ‘प्रेषित’. अक्षर त्याच्यासारखं आलं. पाकीट चिकटवलं आणि मनाशी म्हटलं, मी त्याच्याच हक्काचं त्याला दिलं. आत कुठेतरी वाटत होतं की हे काही खरं नाही, पण तेव्हा मी त्यापुढे विचार केला नाही.

दोन महिन्यांनी निकाल आणि प्रमाणपत्रं आली. योनामामा पास. वर्गाने टाळ्या वाजवल्या, शांतामामीने गूळ-शेंगदाणे वाटले. कार्यालय तपासलेले पेपरही परत पाठवत असे, चुका बघता याव्यात म्हणून. इतकी वर्षं मी ते वाटले. उघडून बघणारा माणूस मला भेटला नव्हता. दानिएल तर त्याची पुडी करून शेंगदाणे खायचा.

पुढच्या गुरुवारी वर्ग सुटला, सगळे गेले, योनामामा बसून राहिला. त्याने पिशवीतून पेपर काढला, चटईवर पसरला आणि भेगाळलेलं बोट एका शब्दावर ठेवलं.

“बाई, हे अक्षर माझं न्हाई.”

“घाईत लिहिलं असेल तुम्ही.”

“मला ‘प्रा’ काढता येत न्हाई. मी ‘परा’ लिव्हतो. तुमी किती डाव लाल केलंय ते.”

बाहेर शेळ्या घरी परतत होत्या, त्यांच्या खुरांचा आवाज येत होता.

“मामा,” मी म्हणाले, “तुम्ही पास व्हायलाच हवं होतं. चूक माझी होती. तुमच्या रकान्यांना मी शून्यं दिली. मामींनी मला सगळं सांगितलं. ते गुण धरले असते तर...”

“मंग ते काहून न्हाई धरले?”

“साहेबांना सांगावं लागलं असतं की मला कळलं नव्हतं.”

तो रागावला असता तर मला सोपं गेलं असतं. त्याने प्रमाणपत्र काढून माझ्या पिशवीवर ठेवलं. मग माझ्या पुस्तकाची पानं उलटू लागला, शिक्षकाच्या प्रतीची, आणि खरोखरच कोड्यात पडल्यासारखं विचारलं,

“यात तुमचा रकाना कुठं हाय?”

“शिक्षकांना रकाना नसतो, मामा.”

“व्हय का,” तो म्हणाला, आणि घरी गेला.

आठवडाभर ते प्रमाणपत्र माझ्या पिशवीत होतं. कळमनुरीला मी ‘क्षमा’ हा धडा शिकवला आणि आपण काय बोलतोय ते माझं मलाच ऐकू येत नव्हतं. शेवटी कार्यालयाला पत्र लिहिलं, सगळं. संचालकसाहेब स्वतः आले. उंच, शांत, नियमाला पक्के. शिरड शहापूरच्या वर्गात मी उभी राहून सगळ्यांसमोर सांगितलं. सांगून झाल्यावर दानिएल उठला आणि रडवेल्या आवाजात म्हणाला, “साहेब, मी पट्टी वर करूनच लिव्हत होतो. सगळं पुस्तक.” त्याच्यामागून आणखी एकाने हात वर केला, मग तिसऱ्याने. साहेबांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. अशा वेळी काय करावं हे त्यांच्या पत्रकात कुठे लिहिलेलं नव्हतं.

त्यांनी योनामामाचं पुस्तक मागून घेतलं आणि रकाने वाचले. एकेक रकाना दाखवून मला अर्थ विचारला. मी सांगत गेले. विहिरीपाशी अडले. साहेबांनी योनामामाकडे पाहिलं.

“ते माझं अन् देवाचं हाय,” योनामामा म्हणाला.

“ठीक,” साहेब म्हणाले. “बाईंनी केलं ते चूकच. पण हे गुण तुमचे आहेत. आज धरतो. तुम्ही रीतसर पास.”

आम्ही सगळे हसलो, सुटल्यासारखे. योनामामा मात्र मान हलवू लागला.

“नको, साहेब. शेळीला मार्क देऊ नका. आज शेळीला मार्क भेटले तर पुढच्या डावाला मी मार्कासाठी बांधीन. मंग मलाच कळणार न्हाई, काहून बांधली ते.”

साहेबांनी समजावलं, मी समजावलं, दानिएल पाया पडायला निघाला. तो ऐकेना. अशा रीतीने योनामामा तिसऱ्यांदा नापास झाला. मला वर्षभर परीक्षेच्या कामातून दूर ठेवलं, वर्ग मात्र चालू राहिले. दानिएल आणि ते दोघे पुस्तकाच्या पहिल्या धड्यापासून पुन्हा बसले, आणि उपासनेचं काय ते कोणालाच ठरवता आलं नाही. साहेब म्हणाले, तूर्त दानिएलने उभं राहावं, कारण कागदावर पास तोच.

त्यानंतरच्या रविवारी मी तिथे होते. दानिएल उभा राहिला, शास्त्र वाचलं आणि घामाघूम होऊन म्हणाला, “मामा, पुढचं तुमी सांगा.” योनामामा सगळ्यांच्या मागे, दाराजवळ बसला होता. “मी उभा राहू शकत न्हाई,” तो म्हणाला. “मंग बसून सांगा,” दानिएल म्हणाला. तेव्हा सगळी मंडळी, बायामाणसं, लेकरं, जागच्या जागी फिरून दाराकडे तोंड करून बसली. दानिएलही येऊन त्यांच्यात बसला. योनामामाने प्रवचन दिलंच नाही. त्याने फक्त विचारलं, “या आठवड्यात कोणी काय केलं?” आणि माणसं सांगू लागली, अडखळत, हसत. फिरत फिरत पाळी माझ्यावर आली.

“बाई, तुमी?”

मी आठवून पाहिलं. तीन गावं हिंडले होते, दोन धडे शिकवले होते. “काही नाही, मामा,” मी म्हणाले.

“बरं,” तो म्हणाला. “पुढच्या रविवारी सांगा.”

हिंगोलीला येऊन मी विद्यार्थ्यांची माझ्याकडे जमा झालेली सगळी जुनी पुस्तकं कपाटातून काढली. तिन्ही गावांची. फक्त शेवटचे रकाने आणि त्यांच्यावरची माझी शून्यं बघत गेले. सेनगावच्या एका पुस्तकापाशी थांबले. कमल नावाच्या तरुण बाईचं. दोन वर्षांपूर्वी पाच धडे करून ती वर्गाला यायची बंद झाली होती. ‘समेट’ या धड्याखाली तिने लिहिलं होतं, ‘जावेला आधी पाणी भरू दिलं.’ त्यावर माझं लाल शून्य, आणि ‘धड्याशी संबंध नाही.’

शनिवारी वर्गाआधी मी तिच्या घरी गेले. दोन दारं एकमेकींना लागून, मध्ये तुराट्यांचा कूड. कमल भांडी घासत होती. मी पुस्तक तिच्यापुढे धरलं आणि सांगितलं की हे शून्य चुकीचं होतं, तिचं नव्हे, माझं.

तिने राखेचे हात तसेच धरून पानाकडे पाहिलं.

“म्हंजे ते बराबर होतं?”

“अगदी बरोबर होतं.”

“मला वाटलं, तसं करू नये असं असंल शास्त्रात,” ती म्हणाली. “तुमी लाल केलं म्हणून मी दुसऱ्या दिवशी पुन्ना मीच आधी हंडा लावला. तवा जी भांडणं लागली ती अजून चालू हायत. दोन वर्सं झाली. हा कूड तवाच घातला.”

तिने हात धुतले, पदराला पुसले, माझ्या हातातलं पुस्तक घेतलं आणि कुडाला वळसा घालून शेजारी जावेच्या दारात गेली. आतलं बोलणं मला ऐकू येत नव्हतं. एकदा आवाज चढला, एकदा कोणीतरी रडलं. माझ्या वर्गाची वेळ टळून चालली होती. जावं की थांबावं, कळत नव्हतं.

थोड्या वेळाने एक जाडजूड, कपाळाला आठ्या घातलेली बाई पुस्तक हातात घेऊन दारात आली. तिने मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं.

“शून्य देणाऱ्या बाई त्या तुमीच का?”

“हो,” मी म्हणाले.

“या आत,” ती म्हणाली. “अन् हे काय लिव्हलंय ते मला वाचून दाखवा. मला वाचता येत न्हाई, अन् ही खरं सांगून राहिली का न्हाई, ते मला पाहू द्या.”

मी आत गेले, बसले आणि कमलने लिहिलेली ती ओळ तिला मोठ्याने वाचून दाखवली. तिने पुन्हा वाचायला सांगितली. मी पुन्हा वाचली.